सुझोऊच्या बागा आणि हांगझोऊचा तलाव: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पाच दिवसांचा आराखडा

चीनच्या बहुतेक सहलींत सुझोऊला अर्धा दिवस मिळतो आणि हांगझोऊला अर्धा. तेवढ्या वेळात एका बागेतून गर्दीबरोबर पुढे सरकायचं, तलावाच्या काठावर फोटो काढायचा आणि रेशमाच्या दुकानात शिरायचं, एवढंच होतं. या बागा घाईने पाहता येत नाहीत, कारण त्यांची रचनाच थांबत, वळत, परत मागे येत बघण्यासाठी केलेली आहे. म्हणून इथे आराखडा पाच दिवसांचा आहे: सुझोऊत दोन पूर्ण दिवस, हांगझोऊत दोन, आणि शेवटचा एक दिवस पावसासाठी आणि परतीच्या प्रवासासाठी हाताशी.

सुझोऊच्या जुन्या बागा १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. तेव्हा चार होत्या, २००० मध्ये आणखी पाच जोडल्या गेल्या. हांगझोऊचा पश्चिम तलाव, म्हणजे शीहू, २०११ मध्ये यादीत आला. बाग म्हणजे भिंतींच्या आत माणसाने घडवलेला डोंगर आणि पाणी. शीहू म्हणजे तेच काम अख्ख्या शहराच्या मापाने केलेलं. दोन्ही एकाच प्रवासात पाहिल्या की एकीमुळे दुसरी कळते. बागा आधी आणि तलाव नंतर हा क्रम ठेवा.

कधी जायचं

मराठी घरांत सुट्ट्या मुख्यतः दोनच, मे महिन्याची आणि दिवाळीची. सुदैवाने दोन्ही जमतात, तारखा मात्र सांभाळायला हव्यात. १ ते ५ मे चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी असते आणि १ ऑक्टोबरपासून आठवडाभर राष्ट्रीय दिनाची. या दिवसांत शीहूच्या ‘तुटका पूल’ नावाच्या पुलावर पाऊल टाकायला जागा नसते आणि बागांची तिकिटं आधीच संपलेली असतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातले छिंगमिंगचे, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाचे दिवस आणि चिनी नववर्षाचा आठवडाही टाळा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवा चांगली असते. त्यानंतर, साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, या भागात चिवट पावसाळी हवा बसते. सतत रिपरिप, ओल न सुकणारे कपडे आणि दमटपणा. जुलै-ऑगस्टमध्ये कमळं फुललेली असतात, पण पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि बागांत डास भरपूर. कमळांसाठीच जायचं असेल तर सकाळी साडेसातला बागेत आणि अकराच्या आत बाहेर, असा नेम ठेवा.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ग्वेहुआची फुलं येतात. बारीक, पिवळी, पानाआड लपलेली; दिसण्याआधी वास येतो. हे हांगझोऊचं शहरपुष्प आहे. दिवाळीची सुट्टी बहुधा राष्ट्रीय दिनाच्या गर्दीनंतर पडते, त्यामुळे तो काळ उत्तम. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मेपल आणि गिंको रंग बदलतात. हिवाळ्यात गर्दी नसते, पण इथली थंडी ओली असते आणि जुन्या इमारतींत ऊब नसते. लोकर आणि वारा अडवणारं जाकीट हवंच.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर चीनचा पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी व्हिसा केंद्र मुंबईत आहे. २४० तासांच्या बिनाव्हिसा ट्रान्झिटची माहिती सगळीकडे फिरते, पण त्या देशांच्या यादीत भारत नाही. अमेरिकी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना ती सवलत लागू होते. मुख्य अट अशी, चीनमधून पुढे तिसऱ्या देशात जाणारं पक्कं तिकीट हवं. अमेरिकेतून येऊन अमेरिकेलाच परत जाणार असाल तर चालत नाही. मुंबईला पुढे येणार असाल तर चालतं.

रेल्वे, बागा, संग्रहालयं, सगळीकडची तिकिटं पासपोर्टच्या नावावर आणि क्रमांकावर निघतात. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. बुकिंग करताना मधलं नाव गाळू नका, पासपोर्टवर आहे तसंच अक्षरन् अक्षर भरा. पासपोर्टचा नवीन क्रमांक आला असेल तर जुन्या खात्यात साठवलेला क्रमांक बदलून घ्या. स्टेशनवर अडवलं जातं ते बहुतेक याच दोन कारणांनी.

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. शांघायला नोकरीला असलेल्या नातेवाइकांकडे राहणार असाल तर पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत स्थानिक पोलिस ठाण्यात नोंद करणं तुमच्यावर आहे.

फोन आणि पैसे

निघण्याआधी घरी बसून ही कामं उरका, चीनमध्ये पोहोचल्यावर यातली निम्मी अडतात:

१. अलीपे हे पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप टाका, पासपोर्टने ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. यूपीआय तिथे उपयोगाचं नाही, रुपे कार्डावरही भिस्त ठेवू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत ना ते बघा. ओटीपी येणारं भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर अलीपे परदेशी कार्डासाठी जादा शुल्क घेत नाही, त्यावर ३ टक्के घेतं. मोठं बिल असेल तर हे लक्षात राहू द्या.

२. वीचॅटही टाका. अनेक बागांचं आरक्षण त्याच्या आतल्या छोट्या अ‍ॅपमधून होतं.

३. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल चीनमधल्या वायफायवर उघडत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा बाहेरून घेतलेल्या ई-सिमवर चालतात. घरच्यांशी रोज बोलायचं असेल तर रोमिंग पॅक हाच सरळ मार्ग.

४. गूगल मॅप्स चालला तरी तिथे रस्त्यांची जागा सरकलेली दिसते. अ‍ॅमॅप वापरा, किंवा आयफोनवर अ‍ॅपल मॅप्स.

५. हॉटेल, बागा, स्टेशनं यांची नावं चिनी लिपीत फोनमध्ये साठवा. टॅक्सीवाल्याला आपला उच्चार कळत नाही, लिहिलेलं लगेच कळतं.

पाचशे-सहाशे युआन रोख जवळ असू द्या, फोनची बॅटरी संपली तर तेवढाच आधार.

रेल्वे, आणि एक मोठी गल्लत

शांघायच्या होंगछ्याव स्टेशनवरून सुझोऊ अर्ध्या तासावर आहे. दुसऱ्या वर्गाचं तिकीट साधारण ३५ ते ४० युआन. गाड्या इतक्या आहेत की साध्या दिवशी आयत्या वेळीही मिळतं. सुट्टीच्या आसपास मात्र आरक्षण उघडताच, म्हणजे १५ दिवस आधी, घ्या.

गल्लत अशी होते: आन्ह्वेइ प्रांतात आणखी एक शहर आहे, रोमन लिपीत त्याचंही स्पेलिंग तंतोतंत हेच. त्याचं ‘पूर्व’ स्टेशन बीजिंग-शांघाय मार्गावर आहे, आणि बागांच्या सुझोऊपासून ते शेकडो किलोमीटर दूर. सुझोऊ पूर्व नावाचं तिकीट दिसलं तर घेऊ नका. आपल्याला हवं ते नुसतं ‘सुझोऊ’. जुनं शहर तिथून जवळ, आणि मेट्रोच्या २ आणि ४ क्रमांकाच्या लाइन तिथेच मिळतात. सुझोऊ उत्तर स्टेशनही बरोबर शहरातलंच आहे, फक्त लांब पडतं. बीजिंगहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात आणि २ क्रमांकाची मेट्रो तुम्हाला गावात आणते.

मुक्काम जुन्या शहरात, पिंगजियांग रस्त्याच्या आसपास घ्या. कालव्याकाठचा हा रस्ता संध्याकाळी गजबजतो, सकाळी सहा-सातला रिकामा असतो, आणि सगळ्यात मोठी बाग तिथून चालत गाठता येते. स्टेशनबाहेर सायकलरिक्षावाले आणि दलाल ‘बाग आणि होडी एकत्र’ असं स्वस्त पॅकेज देऊ करतात. त्यात बाग बहुतेक वेळा वेगळीच निघते आणि वाटेत दोन दुकानं येतात. सरळ पुढे निघा.

किती बागा

दिवसाला दोन. एक मोठी सकाळी, एक लहान दुपारी. चार-पाच बागा एका दिवसात कोंबल्या की तिसऱ्या बागेपासून सगळीकडे तेच दगड, तीच तळी आणि तीच जाळीची खिडकी दिसायला लागते. दोष बागेचा नसतो, डोळे थकलेले असतात.

नऊपैकी पहिल्या भेटीसाठी झुओझंग युआन, वांगशी युआन, ल्यू युआन आणि यी पू या चार पुरेत. मुलं बरोबर असतील तर यी पूऐवजी शीझी लिन, म्हणजे सिंहवन. १३४२ मध्ये एका झेन मठाबरोबर ही बाग उभी राहिली. तिच्यातल्या दगडी गुहा आणि वरखाली जाणाऱ्या वाटांच्या भूलभुलैयात मुलं तासभर रमतात. उंच माणसांनी डोकं सांभाळावं, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेर तळ्याकाठीच बसावं. आत पायऱ्या असमान आहेत आणि मागे फिरायला जागा नसते.

तिकिटं हंगामानुसार बदलतात. झुओझंग युआन ८० युआन, मंदीच्या महिन्यांत ७०. ल्यू युआन ५५ आणि ४५. वांगशी आणि सिंहवन ४० आणि ३०. यी पू फक्त १०. झुओझंगचं आरक्षण आधी वेळेसकट करावं लागतं, ते दोन-तीन दिवस आधी करून ठेवा. बागा साडेसातला उघडतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होतात. आत सोडणं त्याआधी अर्धा तास थांबतं.

बाग कशी बघायची

आत शिरल्याबरोबर तळं दिसत नाही, हे मुद्दाम आहे. वाड्याच्या दिंडीतून वाकून शिरल्यावर बोळ ओलांडून अचानक उजेडाचा चौक लागावा, तशीच ही योजना. ल्यू युआनचं प्रवेशद्वार याचं सर्वांत चांगलं उदाहरण. अरुंद, अर्धवट अंधाऱ्या पडवीतून दोन-तीन वळणं घेत तुम्ही जाता, मधे एखादं उघडं छत आणि एक झाड, आणि मग जाळीच्या खिडक्यांमागे पाणी चमकायला लागतं. इथे धावत पुढे गेलात तर बागेतली सर्वांत हुशार जागा हुकली. प्रत्येक खिडकीशी थांबून पुढे काय झाकलंय ते बघा.

मग चार गोष्टींकडे लक्ष द्या. पाण्याचा शेवट कुठे दिसतो का? सहसा नाही; कोपऱ्यात एखादा पूल किंवा दगडाची कपार ठेवून पाणी पुढे वाहत गेल्याचा भास केलेला असतो. वाट सरळ का नाही? कारण प्रत्येक वळणावर चौकट बदलते. भिंत पांढरी का? तिच्यावर बांबूची आणि दगडाची सावली उमटावी म्हणून. आणि पायाखाली काय आहे? खडे, कौलांचे तुकडे, फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या यांची फरसबंदी, त्यात वटवाघूळ, हरीण, सारस. वटवाघूळ तिथे शुभ मानतात.

भोकाभोकांचे ते उंच, राखाडी दगड जवळच्या ताइहू सरोवरातून आलेले चुनखडक आहेत, पाण्याने शतकानुशतकं कोरलेले. पारखताना चार गुण बघतात: दगड सडसडीत हवा, सुरकुत्यांचा हवा, वरून ओतलेलं पाणी आतल्या वाटांनी झिरपायला हवं आणि आरपार छिद्रं हवीत. ल्यू युआनमधला ग्वानयुन शिळाखंड साडेसहा मीटर उंच आहे. त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारा, चारही बाजूंनी तो वेगळा आहे.

पहिला दिवस: झुओझंग युआन आणि यी पू

मिंग काळात, १५०९ च्या सुमारास, वांग श्येनचन नावाच्या नोकरी सोडलेल्या अधिकाऱ्याने झुओझंग सुरू केली. आज ती सुमारे सव्वापाच हेक्टर आहे. मेट्रोच्या ६ क्रमांकाच्या लाइनवर बागेच्या आणि संग्रहालयाच्या नावाचंच स्टेशन आहे.

साडेसातला दारात असा. सहलींचे कर्णे साधारण नऊपासून सुरू होतात, त्यामुळे पहिला दीड तास सोन्याचा. दार उघडतं ते पूर्व भागात, जिथे हिरवळ आणि मोकळी जागा आहे. बहुतेक जण इथेच फोटो काढत रेंगाळतात. तुम्ही थांबू नका, पश्चिमेकडची लांब पडवी ओलांडून सरळ मधल्या भागात जा. पूर्व भाग परतताना बघता येतो.

मधल्या भागात शिरताच, पडवीला लागून असलेल्या मंडपाशी उभं राहून पश्चिमेकडे बघा. तळ्याच्या लांबीवरून नजर जाते आणि टोकाला, झाडांच्या वर, एक मनोरा दिसतो. तो बागेत नाहीच. एक किलोमीटरहून जास्त दूर असलेला बेइसी मंदिराचा ७६ मीटर उंच मनोरा तळ्याच्या रेषेत आणून बागेने उसना घेतला आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि मनोरा उजळतो. दुपारनंतर इथे फोटो काळा येतो.

तिथून दक्षिणेला वळा. पावसाचा आवाज ऐकण्यासाठीचा छोटा कक्ष लागतो, बाहेर केळी, पाण्यात कमळाची पानं; दोन्हींवर थेंब वेगळे वाजतात. पाऊस असेल तर इथे बसून राहा. पुढे मुख्य दालन येतं, युआनश्यांग थांग, चारही बाजूंना भिंतीऐवजी जाळीची दारं. उत्तरेच्या ओट्यावरून समोर तळं आणि दोन बेटं, आणि ऊन पाठीशी. उन्हाळ्यात कमळाचा वास इथपर्यंत यावा म्हणून हे दालन इथे. मग छपराचा लाल कठड्यांचा छोटा पूल, दगडी होडीच्या घाटाचा मंडप, आणि गोल दारातून पश्चिम भाग. तिथे निळ्या काचांचं मोठं दालन आहे. बाहेरची झाडं त्या काचांतून बर्फ पडल्यासारखी दिसतात. पंख्याच्या आकाराचा मंडप त्याच्या समोरच, त्याची खिडकी, बाक, छप्पर, सगळं पंख्याच्या घाटाचं. या साऱ्याला अडीच तास धरा.

शेजारीच वास्तुकार आय. एम. पेई यांनी आखलेलं सुझोऊ संग्रहालय आहे, २००६ मध्ये उघडलेलं. प्रवेश फुकट, पण आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत, सोमवारी बंद. स्लॉट लवकर संपतात, म्हणून बागेची तारीख ठरवण्याआधी संग्रहालयाची ठरवा. अंगणातल्या तळ्यामागे पांढऱ्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या कापीव शिळा बघा. सकाळी बागेत जे पाहिलं तेच इथे नव्या भाषेत आहे.

दुपारी यी पू. गल्लीबोळात लपलेली, सापडायला अवघड. अ‍ॅमॅपवर चिनी नाव टाकूनच जा. तळ्यावर झुकलेल्या लांब दालनात चहा मिळतो, गावातली म्हातारी माणसं पत्ते आणि गप्पा घेऊन बसलेली असतात. चहाचा पेला एकदा घेतला की गरम पाणी पुन्हापुन्हा भरून घेता येतं. इथे काहीही ‘बघून संपवायचं’ नाही, दोन तास बसा.

दुसरा दिवस: ल्यू युआन आणि वांगशी युआन

सकाळी ल्यू युआन. १५९३ च्या सुमारास सुरू झालेली, सव्वादोन हेक्टरच्या आसपास, आणि ७०० मीटर लांब पडव्यांची, म्हणून पावसातही कोरडं राहून बरीचशी पाहता येते. दालनांतलं जुनं फर्निचर आणि खांब नजरेखालून घाला. तिथून दहा-बारा मिनिटं चालल्यावर शीयुआन मंदिर लागतं. त्याच्या भोजनगृहात शाकाहारी नूडल्स मिळतात. दुपारचं जेवण तिथेच करा.

वांगशी युआन दुपारी तीननंतर. अर्ध्या हेक्टरच्या आसपासची ही बाग सर्वांत लहान बागांपैकी एक आणि आमच्या मते सर्वांत नेटकी. तळं जेमतेम वीस मीटर रुंद, तरी मोठं वाटतं. याचं कारण कोपऱ्यात आहे: तीन-चार पावलांत संपणारा कमानीचा दगडी पूल. पूल इतका लहान ठेवला की शेजारचं पाणी आपोआप विस्तीर्ण दिसतं. पाण्यालगत मोठी इमारतही नाही, उंच छपरं मागे सरकवली आहेत. याच बागेतल्या एका चौकावरून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं चिनी अंगण उभारलं, ते १९८१ मध्ये खुलं झालं. हंगामात इथे रात्री दालनादालनांत संगीत आणि नाट्यप्रवेश होतात, त्याचं तिकीट वेगळं. तो बेत असेल तर दिवसाची भेट वगळू नका, रात्री तळं दिसत नाही.

उंबरठे सगळीकडे उंच आहेत. त्यांच्यावर पाय देऊ नये, ओलांडून जावं. व्हीलचेअरला म्हणूनच अडचण येते. झुओझंगचा पूर्व भाग त्यातल्या त्यात सोपा.

हांगझोऊ: तलावाची घडण

सुझोऊहून थेट गाडीने दीड ते दोन तास. हांगझोऊ पूर्व स्टेशनवर उतरलात तर मेट्रोची १ क्रमांकाची लाइन लोंगश्यांगछ्यावपर्यंत, तिथून काठ पाच-सात मिनिटांवर. नुसतं ‘हांगझोऊ’ स्टेशन मिळालं तर आणखी जवळ. हांगझोऊ पश्चिम मात्र नावावर जाऊन घेऊ नका, ते पश्चिम तलावापासून बरंच दूर आहे.

तलाव साधारण साडेसहा चौरस किलोमीटरचा, परीघ १५ किलोमीटर, खोली सरासरी दोन मीटरच्या आसपास. हा मुळात नदीच्या मुखाजवळचा उथळ खाजणभाग. लक्ष न दिल्यास गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरून जाणारा. कवी आणि अधिकारी सू दोंगपो यांनी १०९० च्या सुमारास गाळ उपसला आणि त्या गाळाचाच २.८ किलोमीटर लांब बांध घातला, सहा पुलांसह. तलावातल्या मोठ्या बेटाजवळ पाण्यात दिसणारे तीन दगडी दीपस्तंभ मुळात त्यांनीच हद्द दाखवायला उभारले, त्या क्षेत्रात शिंगाड्याची लागवड करायची नाही म्हणून. आजचे स्तंभ मिंग काळातले. १ युआनच्या नोटेच्या मागे तेच छापलेले आहेत, बोटीत नोट हातात धरून जुळवून बघा. बेटसुद्धा उपसलेल्या गाळाचं. म्हणजे समोर जे निसर्गदृश्य म्हणून दिसतं, त्यातलं निम्मं फावड्याने घडलेलं आहे.

काठावर फिरायला तिकीट नाही. बेट, मनोरा आणि काही बागांना आहे.

तिसरा-चौथा दिवस: चालण्याचा क्रम

उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला, साधारण सात किलोमीटर, थांबत-बसत चार-पाच तास:

१. पहाटे तुटक्या पुलावर, सूर्योदयाच्या वेळी. नाव तसं असलं तरी पूल धड आहे. आठनंतर इथे फक्त डोकी दिसतात.

२. बाय बांध, सुमारे एक किलोमीटर. दोन्ही बाजूंना विलो आणि पीच. मार्चअखेर दोन्ही एकदम पालवतात आणि फुलतात.

३. गूशान टेकडीचं बेट. पूर्व टोकाला पाण्यालगतचा ओटा, शरदातल्या चंद्रासाठी प्रसिद्ध. नाश्ता इथे.

४. शीलिंग पूल ओलांडून कमळांच्या बागेपाशी, आणि तिथून सू बांधाचं उत्तर टोक.

५. सू बांध. प्रत्येक पुलाच्या माथ्यावर थांबा. पूर्वेला शहराच्या इमारती, पश्चिमेला एकामागे एक फिकट होत जाणारे डोंगर. गर्दीच्या दिवशी बांधांवर सायकलींना बंदी असते. दमलात तर काठाने फिरणाऱ्या विजेच्या गाड्या हात दाखवून थांबवता येतात.

६. दक्षिणेला रंगीत माशांची बाग, आणि मग लेइफंग मनोरा. मूळ मनोरा १९२४ मध्ये कोसळला; आजचा २००२ चा, आत जुन्या पायाचे अवशेष काचेमागे आहेत आणि वर लिफ्ट जाते. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर असा. नोव्हेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, भारतातल्या सवयीने सहाला पोहोचलात तर अंधार.

होडी दुसऱ्या सकाळी. बेटावर जाणाऱ्या मोठ्या बोटीचं तिकीट ५५ युआनच्या आसपास, त्यात बेटाचा प्रवेश धरलेला असतो. बेटावरून परतताना दुसऱ्या धक्क्याला जाणारी बोट घेता येते, म्हणून त्याच काठावर परतण्याचं बंधन मानू नका. बेटाच्या आत पुन्हा तळी आहेत, नागमोडी पुलांनी जोडलेली. सुझोऊत शिकलेलं इथे लगेच ओळखू येतं. हाताने वल्हवायच्या होड्या तासाच्या हिशोबाने, अख्ख्या होडीचे पैसे घेतात आणि बेटाला लागत नाहीत. धक्क्यावरच्या पाटीवरचा दर बघूनच बसा, काठावर कोणी मधेच बोलावलं तर जाऊ नका. शेवटच्या बोटी साडेचार-पाचला सुटतात.

दुपारी पश्चिम काठावरची ग्वो झुआंग ही छोटी बाग बघा. गोल झरोक्यांतून आणि पाण्यावरच्या ओट्यावरून समोर सू बांधच दिसतो. तलाव उसना घेणारी ही बाग बहुतेक सहलींच्या यादीत नसते.

बीजिंगला पुढे जाणार असाल तर हे दोन दिवस तिथेही कामाला येतील. सम्राट छ्येनलोंगने दक्षिणेच्या सहा वाऱ्या केल्या आणि ग्रीष्मकालीन राजवाड्यातल्या कुनमिंग तलावात सू बांधाची नक्कल करवली, सहा पुलांसकट.

शाकाहारी असाल तर

‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी, हे वाक्य चिनी लिपीत कार्डावर लिहून ठेवा आणि त्याखाली मांस, मासे, अंडं, हाडांचा रस्सा आणि डुकराची चरबी नको हे वेगवेगळं लिहा. भाजीत मांसाचे तुकडे नसले तरी रस्सा हाडांचा आणि फोडणी चरबीची असते, चुकतं ते इथे. गोड पेस्ट्रीतही चरबी असू शकते. बौद्ध मंदिरांची भोजनगृहं सर्वांत भरवशाची. तिथे कांदा-लसूण नसतो, पण बटाटा, कंद आणि अळंबी भरपूर असतात, जैन मंडळींनी तेवढं विचारून घ्यावं. चिकट तांदूळ भरून ग्वेहुआच्या पाकात शिजवलेली कमळकाकडी, आणि कमळकाकडीच्या पिठाची पारदर्शक खीर, हे दोन्ही हांगझोऊत आवर्जून खा. ठेपले आणि चिवडा बॅगेत असला तर सकाळी लवकर निघणं सोपं होतं.

पाचवा दिवस: पाऊस, चहा, परतीची गाडी

पाऊस लागला तर हा राखीव दिवस आधी घ्या आणि लोंगजिंग गावाकडे जा. चहाच्या मळ्यांत धुकं उतरलेलं असतं, वाटेत चहाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. छिंगमिंगच्या, म्हणजे साधारण ५ एप्रिलच्या, आधी खुडलेली पानं सर्वांत महाग. चहा घेताना भाव कशाचा ते आधी विचारा: पाटीवरचा आकडा कधी ५०० ग्रॅमचा असतो, कधी ५० ग्रॅमचा, आणि घोटाळा बिल देताना कळतो. आधी चाखा, ५० ग्रॅमच घ्या. रस्त्यात गाठून ‘माझ्या घरचा चहा’ दाखवायला नेणाऱ्यांबरोबर जाऊ नका. घरी करताना उकळतं पाणी ओतू नका, ८० अंशांच्या आसपासचं घ्या, १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम पानं. दूध नाही, साखर नाही.

परतीची गाडी दुपारी चारनंतरची घ्या. स्टेशनवर सामानाची तपासणी आणि पासपोर्ट बघण्याची रांग धरून पाऊण तास आधी पोहोचा. परदेशी पासपोर्ट स्वयंचलित फाटकाला नेहमी वाचता येत नाही, म्हणून कडेला कर्मचारी उभा असलेलं फाटक गाठा. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधीच फलाटाचं दार बंद होतं.